धुतल्यानंतरचा निकाल

हॅलो? …कोण? बेबी? अगं बोल, बोल. आवाज कसला येतोय तो, भांडी घासतेस का?

…मग नळ बंद कर आधी. हं. आता बोल.

…काय? …कोणाला काय झालं? अगं, इतक्या हळू का बोलतेस, कोणी गेल्यासारखं? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत.

…हो. …हो, झालं ना. खरं आहे ते. तुला कोणी सांगितलं? …नणंदेने? वाटलंच मला. त्या बाईच्या पोटात काही राहील तर शपथ!

…काय केलंस? सांत्वन? माझं सांत्वन करायला फोन केलास? थांब, थांब, मला बसू दे. अगं, हसू आवरत नाहीये मला.

…नाही गं, डोकं ठिकाणावर आहे माझं. माझ्या लेकीने चारचौघांत स्वतःच्या बापाचं कापड नापास केलं, आणि परवापासून मी छाती पुढे काढून हिंडतेय. दूधवाल्याला सांगितलं. समोरच्या मास्तरीणबाईंना तर दोनदा सांगितलं. ऐकायला आता माणूस उरला नव्हता, तेवढ्यात तुझा फोन आला.

…लाज? लाज कसली? …बेबी, तुझ्या नणंदेने तुला नुसतं शेपूट सांगितलंय. तू पहिल्यापासून ऐक. …आहे गं वेळ, वेळच वेळ आहे. तुझे भाऊजी मागच्या अंगणात बसलेत. …मागांच्या शेडवर? नाही गेले. कालही नाही, आजही नाही. ते सांगते मग. आधी हे ऐक.

इस्पितळातले मास्क संपले, हे तरी माहितीये ना तुला? जे आहेत ते डॉक्टर आणि नर्स लोकांनाच पुरेनात. मग झाडूवाल्या बायका, वॉर्डातल्या मावश्या, कपडे धुणारे… त्यांनी काय करायचं? नाकाला रुमाल बांधून फिरत होत्या बिचाऱ्या. म्हणून ठरलं, कापडाचे शिवायचे. गावातल्या सगळ्या शेडना, शिंप्यांना निरोप गेला की आपापलं कापड घेऊन या, तपासून बघू, जे टिकेल ते घेऊ. आणि तपासणार कोण? …आमची खारूच! तुझी भाची! इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीच बघते ना ते.

…अगं, एक यंत्र आहे. नळीत कापड ताणून बसवायचं. एका बाजूने मिठाच्या पाण्याची फवारणी सोडायची, अगदी धुक्यासारखी बारीक. पलीकडे किती पोचलं ते यंत्र मोजतं. शिवाय श्वास घ्यायला किती जोर लागेल, तेही मोजतं. …हो तर, तिनेच जुळवलंय. जेवायची शुद्ध नव्हती पोरीला.

…हं. तर हे कळल्यावर तुझे भाऊजी काय म्हणाले असतील? सांग बघू. …बरोब्बर! ‘कापड कोणतं चांगलं हे मुकादमाला विचारायचं सोडून यंत्राला विचारतात होय?’ जन्म मागावर गेला ना माणसाचा. डोळे मिटून चिमटीत धरलं तरी कापडाची जात सांगतात. ते काही मी खोटं म्हणणार नाही. माझ्या घरातलं पांघरूण, पडदा, उशीचा अभ्रा, सगळं ह्यांच्या हाताखालून आलेलं, आणि अजून कुठे विरलेलं नाही. मीही म्हटलं, जिंकणार तर आपलंच.

…मी गेले होते ना! पुढच्याच खुर्चीवर बसले होते. नवा ब्लाऊज घालून. मास्क लावूनच गं, लांब लांब खुर्च्या मांडल्या होत्या. मोठं दालन आहे इस्पितळाचं.

…सगळ्यांची कापडं होती. पहिल्यांदा टॉवेल आला. चांगला जाडजूड, फुगीर. सगळ्यांना वाटलं, ह्यातून काय जाणार! खारूने तो दिव्यापुढे धरला, तर नुसत्या चांदण्या! वरचे धाग्यांचे फासेच जाड असतात, मागची वीण अगदी विरळ. गेला टॉवेल घरी. मग आला टी-शर्टचा. तो नुसता ठेवला तर बरा होता, पण नाकावर ताणला की छिद्रं उघडतात. मग एकेरी रुमाल… तो तर विचारूच नकोस, असून नसल्यासारखा.

…काय म्हणतेस? …तू कशाचा शिवलास? रेनकोटच्या कापडाचा? बेबी!

…अगं, पाणी जात नाही म्हणजे काहीच जात नाही, हे कळलं मला. पण मग हवा तरी कशी जाणार? तू श्वास कुठून घेतेस? …अगं, गालाच्या बाजूने! सगळी हवा बाजूच्या फटींतून आत येते आणि फटींतूनच बाहेर जाते. ती गाळली कुठे जातेय? चष्म्यावर वाफ येते ना तुझ्या? …येते ना? मग! तोच पुरावा. काढून टाक तो. …छान दिसत असेल, पण काढून टाक. हवी तर त्याची पिशवी शिव.

…हो, हो, येते ह्यांच्यावर. ह्यांचा नंबर आला. मागावरून त्याच सकाळी उतरवलेलं कापड, घडीसुद्धा मोडली नव्हती. दुहेरी करून बसवलं नळीत. आणि काय सांगू बेबी… पलीकडे जवळजवळ काही गेलंच नाही! श्वासाला जरा जड होतं, खारू तसं म्हणाली, पण चालण्यासारखं. शेडचे लोक आले होते ना, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे उभे राहिले. मान अशी वर. इस्पितळाचे मोठे साहेब स्वतः येऊन म्हणाले, वा मुकादम! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

…ऐक ना, पुढेच तर आहे. सगळे उठायला लागले, आणि आमची खारू म्हणते, ‘बसा, झालेलं नाही अजून. आता धुऊन बघायचंय.’

…हो! धुऊन! ह्यांना वाटलं पोर थट्टा करतेय. म्हणाले, ‘कापड मागावरून उतरतं तसं बघायचं असतं.’ आणि ते खरंच आहे गं त्यांच्या धंद्यात. शेडमध्ये कधी कोणी धुऊन कापड पारखत नाही. उतरलं, हात फिरवला, उजेडात धरलं, शिक्का मारला. धुणं हे पुढे घेणाऱ्याच्या घरी. तेवढी एकच गोष्ट ह्यांच्या ध्यानात आली नाही… खळ!

…खळ गं. धाग्याला लावतात ना, पेजेसारखी, माग चालताना धागा तुटू नये म्हणून. त्यातून सध्या धागा कुठे चांगला मिळतोय? जो मिळाला तो जाडाभरडा, सारखा तुटणारा. मग ह्यांनी खळ घट्ट केली. काही वाईट हेतू नव्हता, माग चालता ठेवायचा होता. पण ती खळ बसली दोन धाग्यांच्या मधल्या फटींत. म्हणजे पहिल्या वेळी यंत्राने मोजलं काय? कापड नाही, खळ मोजली!

…आता समजलं ना? तिने साबण घालून उकळलं, खळखळून धुतलं, वाळवलं, इस्त्री फिरवली आणि परत बसवलं. …आम्ही सगळे बसूनच होतो की. चहा आला मध्ये. ह्यांनी घेतला नाही.

…गेलं. नापास. धुकं आरपार. तिने दिव्यापुढे धरलं तेव्हा मला माझ्या जागेवरून फटी दिसल्या.

…खारू? अगदी शांत. पण मी आई आहे ना, मला कळतं. मनातून हलली की ती उजव्या हाताने वेणी ओढते. तेवढी एकदा ओढली. बास.

…नाही, खरी गंमत पुढे आहे. मोठे साहेब तिच्या जवळ गेले. हळूच म्हणाले, म्हणजे त्यांना वाटलं हळूच, पुढच्या खुर्चीवर सगळं ऐकू आलं. म्हणाले, ‘अहो, वडील आहेत तुमचे. गावातलं मोठं नाव. पहिलाच आकडा लिहा ना.’ …हो, असं म्हणाले! साहेब असून!

…तर ही काय म्हणाली माहितीये? म्हणाली, ‘मावशी हा मास्क रोज धुणार आणि रोज वॉर्डात जाणार. धुतल्यानंतरचाच आकडा लिहायचा.’ आणि लिहिला. सगळ्यांसमोर वाचून दाखवला. कापड कोणाचं तेही वाचलं. मुकादम म्हणून नाही, पूर्ण नाव घेऊन, बाकीच्यांचं घेतलं तसंच. आवाज एवढासुद्धा हलला नाही.

…हो, कठोर. असेल कठोर. बेबी, एक विचारू? उद्या तू त्या वॉर्डात फरशी पुसायला गेलीस, तर तुझ्या नाकावर कोणत्या आकड्याचं कापड हवं तुला? …धुतल्यानंतरच्या ना? …हं. मग!

…मला तर उठून ओरडावंसं वाटत होतं, ही माझी मुलगी! माझ्या पोटची! शेजारी एक झाडूवाली बसली होती, तिला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, ‘ठाऊक आहे हो बाई, तुम्ही आल्यापासून तिसऱ्यांदा सांगताय.’

…पहिलं ना? कोपऱ्यावरच्या शिंपिणीचं आलं. …तीच, पार्टीचे झगे शिवते ती. बाहेरून बारीक सुताचं घट्ट विणलेलं सुती, आणि आत जॉर्जेटचे दोन थर. …हसू नकोस! हेही हसले होते आधी. म्हणाले, पंख्याखाली ठेवलं तर उडून जाईल हे! पण खारूने सांगितलं सगळ्यांना. सुती कापडाची वीण गच्च, ते काही कण अडवतं. आणि जॉर्जेट असं एकमेकांवर घासलं की त्यात वीज बसते… प्लास्टिकच्या कंगव्याला केस चिकटतात ना, तशी. मग सुतीतून निसटलेले कण तिथे चिकटतात. एकाने अडवायचं, दुसऱ्याने धरायचं. आणि श्वास? अगदी मोकळा. चेहऱ्याला बसतोही मऊ, फटी राहत नाहीत. धुऊन बघितलं तरी फारसा फरक नाही.

…हो, आता तेच शिवून घेणार इस्पितळ.

…ह्यांचं? ह्यांचं काय… उठले, पिशवी घेतली आणि चालू लागले. मला हाकसुद्धा मारली नाही. मी मागून धावत गेले.

…हं. …नाही. तिथेच तर घोडं अडलंय. तुला खरं सांगू? अभिमान आहे तो आहेच, पण एक काळजीही आहे. हे तिच्याशी बोलत नाहीत. एक शब्द नाही. ती रोज संध्याकाळी फोन करते, म्हणते, बाबांना दे. आणि हे तिथूनच मोठ्याने म्हणतात, ‘मी झोपलोय म्हणून सांग.’ ती ऐकते की! म्हणते, ‘असू दे आई, झोपू दे त्यांना.’

…मी नाही बोलणार मध्ये. काय बोलू? तिला सांगू चुकलीस, तर ती चुकलेली नाही. ह्यांना सांगू हसून सोडून द्या, तर ह्यांचा सगळा जन्म त्या कापडात आहे. शेडमध्ये ज्यांना ह्यांनी माग शिकवला, त्यांच्यासमोर झालं गं. कोणत्या तोंडाने जाऊ म्हणतात. बाप-लेकीचं असं बोलणं तुटलेलं मी कधी बघितलं नव्हतं, बेबी. लहानपणी शेडमधून हे आले की ती ह्यांच्या शर्टावरचा कापूस वेचत बसायची.

…नाही, नाही रडत. मी एक काम केलंय मात्र. सांगू? हसशील. ह्यांनी आणलेलं उरलेलं कापड होतं ना, ते मी काल उकळून धुतलं आणि वाळत घातलं. कुठे? हे बसतात त्या खुर्चीच्या बरोब्बर समोर! उन्हाच्या तोंडाला! …मुद्दामच! आणि काढलंच नाही. सकाळपासून हे आहेत आणि ते कापड आहे.

…काही नाही, बघत बसलेत. मध्ये एकदा उठून…

थांब. थांब, आत आले.

…हो का? बरं. मग तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत आता? …अगं, उगाच विचारतेय, हे इथेच आहेत. …काय हो? काय शोधताय? …धागे मोजायचं भिंग? तुमच्याच कपाटात. वरच्या नाही, खालच्या खणात. …हां, तेच.

…गेले. बेबी, भिंग घेऊन गेले! …काय माहीत! दोरीपाशी उभे आहेत. डोळा लावून बघतायत कापडाला. दरवाजातून दिसतंय मला. …ओठ हलतायत. धागे मोजतायत बहुतेक. …आता मान हलवली. ‘नाही नाही’ अशी. …आता डोक्याला हात लावला.

…नाही, मी जात नाही बाहेर. मी गेले की परत खुर्चीत जाऊन बसतील. तू बोलत राहा. …काहीही बोल! तुझ्या रेनकोटबद्दल बोल.

…हो का. …हो का. …दोन रंगांचा? अस्सं.

अगं, परत आले! …काय हो? साबण? न्हाणीत आहे. …कपड्यांचा? तो खालच्या फळीवर. आणि एवढं मोठं पातेलं कशाला? …बरं, घ्या. मी कुठे काय म्हणतेय.

…ऐकलंस? साबण नेला! पातेलं नेलं! ह्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा रुमाल धुतलेला नाही.

…अगं, दुसरं कापड काढलंय पिशवीतून. कुठलं ते? …थांब, चष्मा लावते. …ते बारीक सुताचं! ज्याची माझ्या उशांना खोळ केलीय ना, ते! शेडमध्ये शिल्लक होतं ते परवाच नमुन्याला पिशवीत घेतलेलं असणार. जुन्या चांगल्या धाग्याचं, त्याला खळही हलकी. ते घातलं पातेल्यात! …हो ना! म्हणजे सकाळपासून हे नुसते बघत नव्हते. डोक्यात माग चालू होता.

…देवा, आता काय? अहो! …अहो, ते कपाट माझं आहे! …काय हवंय त्यातलं? …बेबी, थांब हं… अहो, तो निळा! तो माझा निळा स्कार्फ! तो जॉर्जेटचा आहे! …माहितीये म्हणजे? माहिती असून…? कात्री कशाला? अहो कात्री कशाला!

…कापला. बेबी, माझा निळा स्कार्फ कापला. सरळ मधून. …हो, तोच, तू हळहळली होतीस बघून तोच. …अगं, जाऊ दे गेला तर! तू इकडे असायला हवी होतीस. शिंपिणीच्या जॉर्जेटला हसणारा हा माणूस, आणि आता माझ्या जॉर्जेटचे तुकडे एकावर एक घासून बघतोय. हाताचे केस उभे राहतात का ते बघतोय!

…हसतेय मी. रडते कशाला! …बरं, थोडं थोडं दोन्ही.

…काय हो? …फोन? कोणाला? तुम्हाला फोन कधीपासून लागायला लागला? …अगं, स्वतःचा कुठे बाळगतात हे! मागाच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून घेतलाच नाही कधी. …अहो, बेबी आहे फोनवर. …काय म्हणालात? मोठ्याने बोला ना जरा.

…

…बेबी. ऐकलंस? …नाही ऐकू आलं? म्हणतात, ‘खारूला लावून दे. विचारायचंय, दुसरं कापड धुऊन आणलं तर तपासशील का.’ धुऊन! अगं, धुऊन आणतो म्हणतात!

…नाही हो, मी नाही विचारणार. तुमचं कापड, तुमची लेक. …काय ‘तू सुरुवात कर’? मी नंबर लावून देते, पुढचं तुमचं तुम्ही बघा. …रागावली नाहीये ती. रोज विचारते तुम्हाला. तुम्हीच झोपलेले असता.

…हो गं बेबी, ठेवते. …तू का रडतेस आता? सांत्वन करायला कोणी फोन केला होता? …बरं, बरं. उद्या नको करू, उद्या घरी कोणी नाही. आम्ही दोघं इस्पितळात. मी पुढच्या खुर्चीवरच बसणार.

…पुन्हा नापास झालं तर? …थांब, ह्यांनाच विचारते. अहो, बेबी विचारतेय, लेकीने परत नापास केलं तर?

…

…काय म्हणाले सांगू? म्हणाले, ‘करू दे. पण तिला आधीच सांग, त्या साहेबाने काहीही म्हटलं तरी बाप म्हणून एका धाग्याचीही सूट द्यायची नाही.’

…हो. …हो गं, असं म्हणाले. तुझ्या नणंदेला सांग हे. शब्दन्शब्द सांग.

चल, ठेव आता. अगं ठेव! फोनसाठी हात पुढे करून उभे आहेत केव्हाचे.